शिवार रेसिडेन्सीतला हत्ती

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची दया नको आहे. मी जुना आहे हे खरे. माझा रंग उडाला आहे, पितळी कोपरे काळे पडले आहेत आणि माझ्या अंगावर कोरलेल्या हत्तीला परवाच एका लहान मुलीने म्हैस म्हटले. तरीही मी रडगाणे गायला बसलेलो नाही. मी भोंडल्याचा पाट आहे. नवरात्रात संध्याकाळी मला मोकळ्या जागेत मधोमध ठेवायचे, मुलींनी आणि बायकांनी हातात हात घालून माझ्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची, म्हणजे झाकलेल्या डब्यात कोणता खाऊ आहे ते सांगायचे. एवढ्यासाठी माझा जन्म झाला. जेवायला बसण्यासाठी मला कुणी कधी मांडले नाही. हत्तीवर बसून जेवणार कोण?

मला घडवले ते शनिवार पेठेतल्या मैनुद्दीन सुतारांनी. नारायण पेठेतल्या एक बाई दरवर्षी साध्या पाटावर खडूने हत्ती काढत आणि दोन दिवसांत मुलींच्या परकरांच्या घोळाने तो पुसून जाई. शेवटी त्या कंटाळल्या आणि मैनुद्दीनना म्हणाल्या, "कायमचा हत्ती करून द्या." मैनुद्दीननी वेली कोरल्या होत्या, पोपट कोरले होते, पण हत्ती कधी कोरला नव्हता. मग आपल्या धाकट्या मुलीला, रझियाला, बोटाशी धरून ते पेशवे पार्कात गेले आणि हत्तीसमोर उभे राहिले. रझियाला भूक लागली तरी ते हलले नाहीत. परत आल्यावर त्यांनी एका जुन्या दाराची उरलेली सागवानी फळी काढली, कानावर पेन्सिल खोचली आणि कामाला बसले.

मी तयार झालो तेव्हा माझ्यावरच्या हत्तीचा मागचा एक पाय उचललेला होता. त्या बाई म्हणाल्या, "अहो मैनुद्दीन, हा तर चालतोय की!"

"उभा हत्ती कोरायला सोपा असतो, बाई," मैनुद्दीन म्हणाले. "पण मुली फिरणार आणि हा नुसता बघत उभा राहणार, ते काही बरं दिसत नाही."

माझ्या बाबतीत इतके शहाणे वाक्य त्यानंतर कुणी बोललेले नाही.

मला पोचवायला रझियाही वडिलांबरोबर आली होती. त्या बाईंची मुलगी पद्मजा तेव्हा शाळेत जात होती. तिने रझियाचा हात धरून तिला सरळ फेरात ओढले. "तुला गाणी येतात का?" वगैरे काही विचारले नाही. पहिल्या वर्षी रझिया नुसते ओठ हलवत होती. पुढच्या वर्षी सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. खिरापतीची तिची पाळी आली की ती घरून गुलगुले आणायची. डबा कितीही खुळखुळवला तरी ते कुणालाही ओळखता येत नसत. ती माझी भरभराटीची वर्षे होती. माझ्याभोवती एक फेर पुरत नसे. आत लहान मुलींचा आणि बाहेर मोठ्या बायकांचा, असे दोन फेर होत.

मग पेठेतली ती जागा गेली आणि तिथे इमारत उभी राहिली. मुलींना संध्याकाळी क्लास लागले. मला जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. किती वर्षे तिथे होतो ते मी मोजले नाही. माळ्यावर मोजण्यासारखे काही नसते. वर फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत.

पद्मजाने जन्मभर शाळेत शिकवले. नोकरीतून मोकळी झाली, नवरा गेला, आणि मुलाने वाघोलीत मोठा फ्लॅट घ्यायचे ठरवले. ती सोसायटी रझियानेच दाखवलेली. रझियाचे कुटुंब तिथे आधीच राहायला गेले होते. सामान बांधताना मुलगा मला बघून म्हणाला, "आई, तिकडे सगळं मॉड्युलर आहे. हे धूड कुठे ठेवणार?"

"तुझ्या मॉड्युलरच्या खाली," पद्मजा म्हणाली, आणि मला स्वतः उचलून टेम्पोत ठेवले.

सोसायटीचे नाव शिवार रेसिडेन्सी. त्या जागी पूर्वी खरोखरच शिवार होते, तुळजाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरचे. बिल्डरने जमीन घेतली आणि बदल्यात त्यांच्या घराला मागच्या इमारतीत, म्हणजे सी विंगमध्ये, फ्लॅट दिले. त्याच इमारतीतले उरलेले फ्लॅट रझियासारख्यांनी विकत घेतले होते, काही भाड्याने गेले होते. पुढच्या ए आणि बी विंगा उंच आणि काचेच्या. पार्किंगच्या छतावर त्यांच्यासाठी बाग केली होती. तिथे हिरवळ, झोपाळे आणि संध्याकाळचे दिवे होते. बागेला काचेचे दार होते आणि ते कार्ड लावल्याशिवाय उघडत नसे. सी विंगच्या कार्डांनी ते उघडतच नसे. करारात तसे लिहिले होते म्हणे. त्यामुळे तुळजाबाई रोज संध्याकाळी वॉचमनच्या केबिनजवळच्या कट्ट्यावर बसत आणि आपल्याच जमिनीवर ये-जा करणाऱ्या गाड्या बघत.

पद्मजाला हे कळले ते असे. रझियाला चहाला बोलावून ती म्हणाली, "चल, वर बागेत बसू."

"मला नाही येता येत तिथे, पद्माताई," रझिया सहज म्हणाली. "तुम्ही जा. मी खाली थांबते."

पद्मजा बागेत गेली नाही. ती घरी आली आणि मला कपाटाखालून ओढून पुसायला बसली. तिचे हात इतके जोरात चालत होते की माझ्या लक्षात आले, आता काहीतरी होणार.

नवरात्राच्या आधी ती मला काखेत घेऊन सेक्रेटरींकडे गेली. त्यांचे नाव श्यामसुंदरराव. माणूस वाईट नव्हता. लिफ्ट बंद पडली तर स्वतः धावत जायचे. पण नियम म्हटला की त्यांना दुसरे काही दिसत नसे.

"भोंडला? वा! जरूर करा," ते म्हणाले. "बाग तुमचीच आहे. सणात कुणी पुढाकारच घेत नाही हो हल्ली."

"सगळ्या विंगांचा करायचाय."

"ए आणि बी."

"आणि सी."

श्यामसुंदररावांनी चष्मा काढला. "पद्मजाताई, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण एकदा दार उघडलं की ते कायमचं उघडतं. करारात नाही, म्हणजे नाही."

"मग हा हत्ती कुठल्या विंगचा धरू? ह्याचे वडील शनिवार पेठेतले मैनुद्दीन. त्यांची मुलगी सी विंगमध्ये राहते. मी ए मध्ये. ह्याला अर्धा आत घेता का?"

ते चष्मा पुसत राहिले. पद्मजा थांबली नाही.

तिने घरोघर जाऊन आमंत्रणे दिली. काही ठिकाणी दारावरच्या कॅमेऱ्यातून नुसता आवाज आला, "नंतर या." कुणी म्हणाले, "आमच्याकडे दांडिया असतो." कुणी म्हणाले, "ग्रुपवर टाका ना, बघतो." एकीने विचारले, "ड्रेस कोड काय आहे?" पद्मजा म्हणाली, "कपडे घालून या."

पहिल्या संध्याकाळी तिने मला तिन्ही विंगांच्या मधल्या गोलावर ठेवले. तिथून गाड्या वळत असत. बागेखेरीज तेवढी एकच मोकळी जागा होती. हळद-कुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली आणि ती वाट बघत उभी राहिली. रझिया आली. आणखी कुणी आले नाही. वरच्या बाल्कन्यांतून माणसे वाकून बघत होती, जणू खाली काही अपघात झाला होता.

कट्ट्यावरून तुळजाबाई उठल्या. हळूहळू चालत आल्या, वाकून माझ्या हत्तीवरून हात फिरवला. "हादगा हाय व्हय? आमच्यात हादगा म्हंत्यात ह्याला." मग दोघींकडे बघून म्हणाल्या, "धरा की हात. बगताय काय?"

मित्रांनो, तीन बायकांचा फेर कधी पाहिला आहे का? तो फेर नसतोच. एकमेकींना ओढत चाललेल्या तीन म्हाताऱ्या असतात. एक गाडी आली. चालकाने भोंगा वाजवला. तुळजाबाईंनी मान वळवून सांगितले, "गानं संपू दे. मंग जा." गाडी थांबली. मी आजवर राजेशाही थाटाचे भोंडले पाहिले आहेत, पण त्या संध्याकाळइतकी माझी मान कधी ताठ झाली नव्हती.

मग खिरापत. रझियाने झाकलेला डबा कानाशी नेऊन हलवला. ओळखायला होते कोण? दोघीच. पद्मजाने मान वर केली आणि वर्गात मागच्या बाकावर पोचेल अशा आवाजात विचारले, "काय हो बाल्कनीवाले! नुसतं बघायचं फुकट नाही. सांगा, डब्यात काय?"

मग बी विंगच्या वरच्या मजल्यावरून एक आवाज आला, "करंजी?"

"चूक!"

"शंकरपाळे?" दुसरा आवाज. "ढोकळा?" "लाडू?" सगळ्या बाल्कन्या बोलायला लागल्या. पद्मजा प्रत्येकाला म्हणायची, "चूक! खाली या, वास घ्या, मग सांगा." कुणाला ओळखता आले नाही. डब्यात गुलगुले होते. पद्मजाने एक मुद्दाम वर धरून दाखवला आणि सावकाश खाल्ला.

दुसऱ्या दिवशी खाली माणसे होती. 'ढोकळा' म्हणणारी तरुणी धावत आली. ती मैना, श्यामसुंदररावांची सून. घरातूनच कॉम्प्युटरवर नोकरी करायची. "आंटी, मी काल रात्रभर गेस करत होते," ती पद्मजाला म्हणाली. "ते होतं काय exactly?" पद्मजाने तिच्या हातावर उरलेला गुलगुला ठेवला आणि तिचा दुसरा हात तुळजाबाईंच्या हातात दिला.

त्यानंतर फेर वाढत गेला. पद्मजाने युक्ती केली. रोज खिरापत निराळ्या मजल्याची, आणि ज्या मजल्याची खिरापत त्या मजल्याने फेरात यायचेच. एका बंगाली बाईंनी आणलेली मिठाई कुणाला ओळखता आली नाही. तुळजाबाईंच्या सुनेने आणलेल्या हुलग्याच्या शेंगोळ्यांवर ए विंगमध्ये दोन दिवस चर्चा झाली. ज्यांना गाणी येत नव्हती त्या पहिल्या वर्षीच्या रझियासारखे ओठ हलवत. माझ्याभोवती पुन्हा दोन फेर झाले. कामावरून परतणाऱ्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली तरी कुणी भोंगा वाजवत नव्हते. काही जण गाडी बंद करून बायकोला शोधायला आत येत.

पण सगळ्यांना ते आवडले असे नाही. ग्रुपवर तक्रारी आल्या. रस्ता अडतो. हे काय गावासारखे. सी विंगची माणसे पुढे फिरतात. षष्ठीच्या संध्याकाळी पद्मजा मला घेऊन खाली आली, तर सगळ्या गोलावर सिमेंटच्या भल्यामोठ्या कुंड्या मांडलेल्या. पाय ठेवायला जागा नव्हती. बायका कडेला ताटकळत उभ्या. कुणी म्हणाले, आता पुढच्या वर्षी बघू. दोघी-तिघी परत फिरल्याही.

रझिया हळूच म्हणाली, "पद्माताई, राहू द्या. झालं तेवढं पुष्कळ झालं. तुम्हाला इथे राहायचंय."

"तुलाही इथेच राहायचंय," पद्मजा म्हणाली. "चला सगळ्या माझ्या मागून."

ती जिन्याने वर गेली. मागून सगळा घोळका. काचेच्या दाराशी तिने आपले कार्ड लावले. दार उघडले. बी विंगच्या चार बायका आत गेल्या आणि दार लगेच आपोआप मिटायला लागले. ते दार तसेच केलेले होते, एका कार्डावर फार माणसे आत जाऊ नयेत म्हणून. तेव्हा पद्मजाने मला आडवे न ठेवता उभे केले आणि चौकट व दार यांच्यामध्ये घातले.

दाराची स्टीलची जड पट्टी येऊन माझ्यावर आदळली. माझ्या कडेत काड्कन आवाज झाला. सागाची फळी होती, जुन्या दाराची, अनेक पावसाळे प्यायलेली. तरी तडा गेला. मी सरकलो नाही. दार पुन्हा मागे गेले, पुन्हा आदळले. तेही हट्टी होते. शेवटी ते थकले आणि नुसते बीप बीप करत माझ्यावर टेकून राहिले. मी अडवून धरलेल्या फटीतून वाट मोकळी होती. "चला!" पद्मजा ओरडली, आणि सी विंग आत गेली. रझिया गेली, तुळजाबाईंच्या सुना गेल्या, भाडेकरू मुली गेल्या. सगळ्यांत शेवटी, कठडा धरत, तुळजाबाई.

तेवढ्यात श्यामसुंदरराव आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "पद्मजाताई, हे काय चाललंय?"

"भोंडला."

"आधी तो पाट काढा."

"मी नाही काढणार. तुम्ही काढा."

ते वाकले. त्यांचे दोन्ही हात माझ्यावर आले. मला त्यांच्या तळव्यांचा घाम जाणवला. रझिया परत दाराशी आली होती. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, हा माझ्या अब्बांच्या हातचा आहे. ओढायचा असेल तर बेताने ओढा. तडा वाढेल."

आणि तिच्यामागून मैना म्हणाली, "बाबा, प्लीज. आज खिरापत माझी आहे. मी पहिल्यांदा काहीतरी स्वतः केलंय."

श्यामसुंदररावांनी सुनेकडे पाहिले. तिच्या हातातल्या झाकलेल्या डब्याकडे पाहिले. त्यांचे हात माझ्यावर तसेच राहिले, पण ओढण्याचा जोर त्यांतून गेला. ते सरळ उभे राहिले. "उद्या मीटिंग लावतो," ते म्हणाले.

"लावा," पद्मजा म्हणाली. "इथेच लावा. म्हणजे सी विंगलाही बसायला येईल."

पण आता एक अडचण होती. मी दारात होतो. फेराच्या मध्यभागी हत्ती नव्हता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पद्मजाने तुळजाबाईंचा हात धरून त्यांना मधोमध नेले.

"आगं, मी काय हत्ती हाय व्हय?" त्या म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

तुळजाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वाकून हिरवळीवर हात टेकला, बोटांनी ती ओढून पाहिली. प्लास्टिकची होती ती. "माती न्हाई ही," त्या म्हणाल्या. "सतरंजी हाय नुसती." मग पदर सारखा करून त्या तिथेच मांडी घालून बसल्या. "असू दे. माती खाली असंलच कुटंतरी. म्हना गानी."

आणि फेर सुरू झाला. दाराचे बीप बीप चालू होते, म्हणून बायकांनी आवाज चढवला. मी पहिल्यांदाच भोंडला बाहेरून पाहत होतो. मध्ये बसलेली ती म्हातारी पाहून मला जरासुद्धा हेवा वाटला नाही. मैनुद्दीननी माझा पाय उचललेला ठेवला होता. त्या दिवशी मी तो दारात रोवला होता.

मीटिंग झाली. ती बागेतच झाली आणि फार आरडाओरडा झाला. कुणी पद्मजाला माफी मागायला सांगितले. ती म्हणाली, "कशाची ते लिहून द्या, शुद्धलेखन तपासून देते." निर्णय काही झाला नाही. दसऱ्यापर्यंत रोज ती मला त्याच दारात उभा करत राहिली आणि रोज तुळजाबाई मध्ये बसत राहिल्या. दिवाळीच्या सुमारास श्यामसुंदररावांनी स्वतः येऊन सी विंगला कार्डे वाटली. "तात्पुरती आहेत," असे त्यांनी प्रत्येकाला बजावले. ती तात्पुरती कार्डे अजून चालू आहेत. तुळजाबाई आता संध्याकाळी बागेत बसतात आणि ती प्लास्टिकची हिरवळ काढून तिथे खरी माती टाकावी म्हणून कमिटीच्या मागे लागल्या आहेत.

माझ्यावर सगळ्यांचे एकदम प्रेम उतू चालले आहे. पद्मजाचा मुलगा म्हणतो, मला काचेच्या पेटीत घालून क्लबहाऊसच्या भिंतीवर लावू, वर छोटा दिवा सोडू. कुणी म्हणते, आता ह्याला जपा, जमिनीवर ठेवू नका. रझियाने मात्र वडिलांची पेटी उघडली, माझ्या तड्यावर पितळेची पट्टी ठोकली आणि मला परत पद्मजाच्या दाराशी आणून ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्यावी असे तुम्हाला शाळेत सांगतात. जरूर घ्या. पण काळजी म्हणजे भिंतीवर टांगणे नव्हे. भिंतीवरच्या पाटाभोवती फेर धरता येत नाही. मला तेल लावा, वाळवीपासून जपा, आणि मग खाली जमिनीवर ठेवा, माणसांच्या पायांजवळ. शेजारच्यांना हाका मारा. येत नसतील तर पुन्हा मारा. आणि तुमच्याकडे एखादे दार कुणासाठी उघडत नसेल, तर लाजू नका, मला घेऊन जा. माझी एक कड गेली आहे. अजून तीन शिल्लक आहेत.